ताबा कुणाचा, पालकत्व कुणाचं?

शाळा सुटते, फाटकाशी वडील उभे असतात. बाई सांगतात, "ताबा आईकडे आहे, मुलाला तुमच्याबरोबर पाठवता येणार नाही." इथवर ठीक. पण पुढच्या आठवड्यात त्याच वडिलांनी प्रगतिपुस्तक बघायला मागितलं, तरी तेच उत्तर मिळतं. इथे शाळेचा घोळ होतो.

ताबा म्हणजे मूल रोज कुणाकडे राहणार, ते. वाद असेल तर कौटुंबिक न्यायालय आधी अंतरिम आणि मग अंतिम हुकूम देतं, आणि परिस्थिती पालटली तर तोही बदलतो. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घ्यायचा कायदेशीर अधिकार. हिंदूंसाठीच्या १९५६ च्या पालकत्व कायद्याचं कलम ६ वाचलं की फरक लख्ख दिसतो: नैसर्गिक पालक वडील, 'त्यांच्यानंतर' आई, पण पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे. एकाच कलमात दोन गोष्टी दोन माणसांकडे! त्या 'नंतर'चा अर्थ केवळ मृत्यूनंतर असा नाही, वडील लक्षच घालत नसतील तेव्हाही आई पालक असते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगितलं. तरीही सहलीच्या फॉर्मवर "वडिलांचीच सही आणा" म्हणणारे कारकून भेटतातच.

तेव्हा फाटकावरचा प्रश्न ताब्याचा. हुकमात भेटीचे वार, वेळ आणि शाळेतून न्यायची मुभा आहे का, ते बघायचं. प्रगतिपुस्तक, पालकसभा हा प्रश्न पालकत्वाचा. ताबा गेला म्हणून ते आपोआप जात नाही; न्यायालयाची मनाई नसेल तर अडवायला कारण नाही. सगळ्यात नाजूक बाब शाळा सोडल्याचा दाखला. एकाने गुपचूप दाखला काढून मूल दुसऱ्या शहरात नेलं, की दुसऱ्याचे भेटीचे वार कागदावरच राहतात. वाद माहीत असेल तर शाळेने तिथे तरी हुकूम मागावा, असं माझं मत.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव लागतं. त्यावरून ताबा ठरत नाही, जसा वडिलांच्या आडनावावरूनही ठरत नव्हता.

आणि हुकूमच नसेल तर? एकाच्या तोंडी सांगण्यावरून दुसऱ्याला परतवायला शाळेच्या हाती काही नसतं. वकिलाची नोटीस म्हणजे हुकूम नव्हे, लेटरहेड कितीही जाड असो.