पेशीपटल

पेशीतील प्रद्रव्य (सजीव द्रव्य) बाहेरच्या परिसरापासून अलग राखणारा आणि दोहोंमधील देवघेवीवर नियंत्रण ठेवणारा अतिपातळ, लवचिक पापुद्रा. शालेय पुस्तकांत यास ‘प्रद्रव्यपटल’ म्हणतात; पेशीला ‘कोशिका’ म्हणणाऱ्या ग्रंथांत ‘कोशिकापटल’ ही संज्ञा आढळते. वनस्पतींमधील पेशीभित्तिका ही त्याबाहेरची निराळी, सेल्युलोजची रचना असून दोहोंची गल्लत करू नये.

पटलाची जाडी सुमारे ७ ते ८ नॅनोमीटर असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसत नाही. सोलापूरच्या बाजार समितीत हंगामात ढिगांनी येणाऱ्या लाल कांद्याचा जांभळट पापुद्रा काचपट्टीवर ठेवून त्यावर मिठाचे तीव्र द्रावण सोडले, की पेशीतील रंगीत भाग भित्तिकेपासून सुटून आत आकसतो. यास रससंकोच म्हणतात. रंगद्रव्य रिक्तिकेत (पेशीतील रसाने भरलेल्या पोकळीत) असल्यामुळे यावेळी दिसणारी रंगाची कड काटेकोरपणे पाहता रिक्तिकेभोवतीच्या पटलाची, म्हणजे रिक्तिकापटलाची असते. पेशीपटल तिच्या लगत बाहेर असल्याचे आपण अनुमानाने ठरवतो. पटलाविषयीचे जवळजवळ सर्व जुने ज्ञान अशाच अनुमानांतून आले आहे.

शोधाचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकमत नाही. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या मृत पेशींच्या भित्तिका होत्या, त्यामुळे त्यांचे नाव येथे गैरलागू ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कार्ल नेगेली यांनी रससंकोचाची निरीक्षणे नोंदवली. मात्र पटलाची कल्पना परासरणाच्या (पटलातून तीव्र द्रावणाकडे होणाऱ्या पाण्याच्या वहनाच्या) मोजमापांवर उभी केली ती विल्हेल्म फेफर यांनी (१८७७). चार्ल्स ओव्हरटन यांना १८९५ नंतरच्या प्रयोगांत मेदात विरघळणारे पदार्थ पेशीत लवकर शिरतात असे आढळले आणि त्यावरून त्यांनी पटल मेदसदृश असावे असे सुचवले. रचनेच्या दृष्टीने हाच निर्णायक टप्पा मानणे अधिक योग्य वाटते.

मेदाचे थर दोन आहेत, हा निष्कर्ष नेदरलँड्समधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांचा (१९२५). त्यांनी माणूस, कुत्रा, ससा, मेंढी इत्यादींच्या तांबड्या रक्तपेशींतील मेद ॲसिटोनने काढून पाण्यावर पसरवला. त्याने व्यापलेले क्षेत्र पेशींच्या एकूण पृष्ठफळाच्या सुमारे दुप्पट भरले. पुढे असे दिसून आले, की ॲसिटोनने सगळा मेद निघत नाही, तसेच वाळलेल्या पेशींवरून काढलेले पृष्ठफळही कमी भरते. या दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली. १९६६ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला गेला. तेव्हा हे गुणोत्तर थरावरील दाबानुसार बदलते आणि पटलाचा काही भाग प्रथिनांनी व्यापलेला असतो, हे स्पष्ट झाले. निष्कर्ष मात्र टिकला. १९२५ च्याच सुमारास ह्यूगो फ्रिक यांनी विद्युत धारितेवरून (विद्युत प्रभार साठवण्याच्या क्षमतेवरून) पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर काढली होती. हा आकडा केवळ मधल्या तेलकट भागाचा समजल्यास आजच्या मापनांशी बराच जुळतो.

डॅनिएली व डॅव्हसन यांनी १९३५ मध्ये मेदाच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचे थर कल्पिले. आज स्वीकारली जाते ती सिंगर व निकल्सन यांची ‘तरल मोझेक’ प्रतिकृती (१९७२). फॉस्फोलिपिड (फॉस्फेटयुक्त मेद) रेणूंची जलस्नेही डोकी बाहेर व जलविरोधी शेपट्या आत असतात. प्रथिने या थरात रुतलेली किंवा त्याच्या पृष्ठाशी लागलेली असून पुष्कळशी थराच्या प्रतलात सरकू शकतात. प्राण्यांमध्ये कोलेस्टेरॉल थराची तरलता सांभाळते. ही प्रतिकृती आता थोडी सैल मानावी लागते, कारण पटलात प्रथिनांची दाटी मूळ चित्रापेक्षा बरीच जास्त असते. पटलातील कोलेस्टेरॉल व विशिष्ट मेदांच्या दाट पुंजक्यांचे, म्हणजे ‘मेद-तराफ्यां’चे आकारमान व आयुर्मान यांविषयी मतभेद आहेत.

ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मेदथरातून सहज जातात. पाणी थोडे थेट झिरपते, तर बरेचसे ॲक्वापोरिन या प्रथिनमार्गांतून जाते (पीटर ॲग्री, १९९२; नोबेल २००३). आयनांना (विद्युतभारित कणांना) प्रथिनांवाचून वाट नाही. प्राणिपेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप (येन्स स्कू, १९५७) एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या एका रेणूच्या मोबदल्यात ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो. चेतापेशींचे संदेशवहन आयनांच्या आतबाहेरच्या प्रमाणातील या विषमतेवर चालते.

आतड्याच्या पेशींत हीच विषमता ग्लुकोज ओढून घेते: एका वाहक प्रथिनातून २ सोडियम व १ ग्लुकोज एकत्र आत येतात आणि त्यांमागून पाणी. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरच्या यात्रांवर पटकीचे (कॉलऱ्याचे) सावट असे. पटकीच्या विषामुळे आतड्यातील क्लोराइडचे मार्ग उघडे राहून पाणी बाहेर वाहते, परंतु हा सोडियम-ग्लुकोज वाहक शाबूत असतो. म्हणूनच नुसत्या पाण्यापेक्षा मीठ-साखरेचे पाणी अधिक शोषले जाते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी हा उपचार मोठ्या प्रमाणावर वापरला.

उष्णता व अवर्षण यांत वनस्पतींचे पटल गळू लागते. पानाच्या चकत्या तापवून त्यांतून पाण्यात उतरलेल्या क्षारांची विद्युतवाहकता मोजणे, ही त्याची रूढ कसोटी. तिचा विकास मुख्यतः ज्वारीवरील संशोधनातून झाला. मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडी ३५-१ सारख्या रब्बी वाणांना जमिनीत साठलेल्या ओलाव्यावरच पीक पूर्ण करावे लागते, त्यामुळे सोलापूर भागाच्या दृष्टीने ही कसोटी विशेष उपयोगाची आहे.