गाठीचा गालिचा आणि टफ्टेड गालिचा: कोकणातल्या घरासाठी कोणता घ्यावा?

पर्शियन नक्षीचे दोन गालिचे दुकानात शेजारी शेजारी अंथरलेले असतात. दोन्हींच्या मधोमध तसेच मोठे फूल, काठाला तशीच वेलबुट्टी आणि दोघांवरही ‘हँडमेड’ अशी चिठ्ठी असते. किमतीत मात्र कित्येक पटींचा फरक असतो. चिठ्ठी खोटी नसते, म्हणूनच गिऱ्हाईक गोंधळते.

पहिल्या, म्हणजे गाठीच्या प्रकारात विणकर मागावरच्या उभ्या ताण्याच्या दोन-दोन धाग्यांभोवती लोकरीची एकेक गाठ मारतो आणि ओळ पुरी झाली की आडवा बाणा घालून ती पंजाने, म्हणजे दातेरी अवजाराने ठोकून घट्ट बसवतो; वर दिसणारी लव म्हणजे त्या गाठींची कापलेली टोके. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेला इराणातल्या अर्दबीलचा गालिचा १५३९-४० सालचा असून त्यात सुमारे अडीच कोटी गाठी आहेत. दुसऱ्या, म्हणजे टफ्टेड प्रकारात गाठच नसते. चौकटीवर ताणलेल्या कापडातून हातात धरलेल्या टफ्टिंग गनने लोकर आरपार टोचतात, ती सुटू नये म्हणून पाठीला लॅटेक्सचा चीक फासतात आणि तो झाकण्यासाठी वर दुसरे कापड चिकटवतात.

कोकणात हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो. लॅटेक्स वयाबरोबर कोरडे पडून ठिसूळ होते आणि उष्ण, दमट हवेत हे लवकर घडते. मग गालिचा उचलला की खाली बारीक भुकटी सांडलेली दिसते, लवीचे पुंजके हाताशी येतात आणि पावसाळ्यात बंद खोलीत कुबट वास राहतो. धुवायला काढावा तर आतला चीक नीट वाळत नाही. गाठीचा गालिचाही अमर नव्हे: ओल धरणाऱ्या लादीवर महिनोन् महिने पडून राहिला तर सुती ताणा कुजतो, आणि लोकरीला कसर लागते ती वेगळीच. परंतु तो धुता येतो, आणि झिजलेल्या जागी जाणकार कारागीर नव्या गाठी भरू शकतो. टफ्टेडची अशी दुरुस्ती सहसा परवडत नाही.

ओळखण्यासाठी कोपरा उलटून पाठ पाहावी. गाठीच्या गालिच्याची नक्षी पाठीवरही स्पष्ट दिसते आणि ओळी किंचित वाकड्यातिकड्या असतात. पाठ कापडाने झाकलेली असेल तर तो बहुधा टफ्टेडच. यंत्रमागावरच्या गालिच्याच्या पाठीवरही नक्षी उमटते, मात्र तिथे ओळी संशय यावा इतक्या सरळ असतात. झालर हा दुसरा पुरावा: गाठीच्या गालिच्यात ती ताण्याचीच टोके असतात, बाकीच्यांत ती बहुधा मागाहून शिवलेली असते. ओल्या पांढऱ्या फडक्याने लव चोळून रंग उतरतो का, तेही पाहावे. दुकानदार नाही म्हणाला तर पुढे बोलणी करू नयेत.

गाठींच्या संख्येचे मात्र फार कौतुक करू नये. इराणातल्या कुम शहराच्या रेशमी गालिच्यात ती खूप असते आणि इराणातल्याच हेरीझ गावच्या लोकरी गालिच्यात बरीच कमी, तरीही रोजच्या वावराला हेरीझच अधिक टिकतो. शिवाय पर्शियन नक्षीचे म्हणून विकले जाणारे कितीतरी गालिचे भदोही-मिर्झापूरचे किंवा काश्मीरचे असतात. त्यांत कमीपणा काहीच नाही, फक्त इराणी म्हणून त्यांची किंमत मोजू नये.

भाड्याच्या घरासाठी किंवा मुलांच्या खोलीसाठी टफ्टेड खुशाल घ्यावा, पण काही वर्षांनी तो टाकून द्यायचा आहे हे धरूनच पैसे मोजावेत. मोठा गाठीचा परवडत नसेल तर मोठ्या टफ्टेडऐवजी लहान पण गाठीचा घ्यावा, असे माझे मत आहे. तो पावसाची झड येणाऱ्या पडवीत न अंथरता आतल्या खोलीत अंथरावा आणि मृगापूर्वी कडकडीत वाळवून, झटकून, जुन्या सुती साडीत गुंडाळून खाटेवर किंवा फळीवर ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बांधल्यास आतली ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते.