अमेरिकेत महापौरही दोनदाच?

‘अमेरिकेत कोणालाही दोनपेक्षा जास्त वेळा पदावर राहता येत नाही, महापौरालासुद्धा,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. त्याला थोडा आधार आहे. दोनदाच निवडून येण्याची मर्यादा खरी, पण ती राष्ट्राध्यक्षाची. १९५१ मध्ये लागू झालेली २२वी घटनादुरुस्ती वाचा. तिच्यात महापौर येतच नाही. त्याचे नियम राज्याचा कायदा आणि शहराची सनद, म्हणजे चार्टर, ठरवतात. काही शहरांनी मर्यादा घातलीय. अनेक उपनगरांत ती नाही, म्हणून तिथे एकच माणूस वीस-तीस वर्षं निवडून येऊ शकतो. (अडीच वर्षांचे महापौर पाहिलेल्या आपल्याला नवलच!) शिवाय बऱ्याच ठिकाणी रोजचा कारभार पगारी सिटी मॅनेजर पाहतो, महापौरपद नोकरी-धंदा सांभाळून निभावतं. खात्री करायची तर त्या शहराच्या संकेतस्थळावर चार्टर उघडा आणि महापौराच्या मुदतीचं कलम शोधा.