वाचक-मापन (संकेतस्थळांचे)

संकेतस्थळावरचा मजकूर किती जणांनी उघडला, ते कुठून आले, शोधयंत्रात कोणते शब्द टाकून आले आणि पानावर किती वेळ थांबले, याची पद्धतशीर नोंद म्हणजे वाचक-मापन. कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) ठिबक सिंचनावर किंवा खाजन शेतीतल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशींच्या (भरतीचे पाणी अडवणाऱ्या दारांच्या; एकवचनी ‘मानस’) दुरुस्तीवर मराठीतून लिहिणाऱ्या एखाद्या तंत्रविषयक स्थळाचे वाचक थोडे असतात. मापनाची साधने मात्र लाखोंच्या वाचकसंख्येसाठी घडवलेली आहेत. गोव्यातल्या मराठी स्थळांना येणाऱ्या बहुतेक अडचणी या विसंगतीतून निघतात.

छापील काळात मोजला जाई तो खप. ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था भारतात १९४८ पासून ते काम करते आहे. १९६२ साली पणजीत ‘गोमन्तक’ सुरू झाला, १९७० साली ‘नवप्रभा’. अंक किती गेले हे त्यांना ठाऊक असे. वाचनालयाच्या टेबलावर किंवा गावच्या हॉटेलात एक अंक किती हातांतून गेला, ते कळायला मार्ग नव्हता. महाजालावर ही उणीव भरून निघेल अशी आशा होती. ती अर्धीच फळाला आली.

पहिली साधने सर्व्हरच्या नोंदवहीवर चालत. पान मागितले गेले की वेळ, आयपी पत्ता (वाचकाच्या जोडणीचा क्रमांक), मागितलेले पान आणि वाचक ज्या पानावरून आला त्याचा पत्ता अशी एक ओळ तिच्यात पडते. या शेवटच्या रकान्याच्या इंग्रजी नावातला (Referer) एक ‘आर’ १९९६ च्या मानकातच गळाला आणि आजही तो तसाच गळलेला आहे. नोंदवहीत माणसांबरोबर शोधयंत्रांचे यांत्रिक फेरीवालेही (पाने आपोआप चाळणारे प्रोग्रॅम) उमटतात, म्हणून तिचा आकडा फुगतो. पुढे पानात छोटी जावास्क्रिप्ट (वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालणारी आज्ञावली) बसवून मोजण्याची रीत आली. अर्चिन ही कंपनी विकत घेऊन गूगलने नोव्हेंबर २००५ मध्ये गूगल ॲनालिटिक्स हे मापनाचे साधन आणले, तेव्हा ती सर्वांच्या आवाक्यात आली. जाहिरात रोखणारी साधने ही जावास्क्रिप्टही रोखतात, त्यामुळे इथला आकडा उलट कमी येतो. दोन्ही मोजण्या एकाच दिवसाच्या असल्या तरी जुळत नाहीत, आणि जुळवण्याच्या खटपटीत पडूही नये.

पानांचे देवनागरी पत्ते नोंदवहीत ओळखू येत नाहीत. ‘गोवा’ या शब्दात ग, ओकार, व आणि काना अशी चार चिन्हे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्हासह तीन खुणांनी लिहिला जातो. दोन अक्षरांचा शब्द ३६ खुणांचा होतो. ही नोंदवही उलगडून देणारे साधन हाताशी नसेल, तर मराठी पानांची यादी वाचताच येत नाही.

शोधातून येणाऱ्या वाचकाचे शब्द एके काळी थेट मिळत. ऑक्टोबर २०११ पासून गूगलने शोध सांकेतिक करायला सुरुवात केली आणि २०१३ अखेर ते शब्द ॲनालिटिक्समधून जवळपास नाहीसे झाले. आता ते सर्च कन्सोल या गूगलच्या स्थळचालकांसाठीच्या साधनात पाहावे लागतात. पान किती वेळा निकालात दिसले, किती वेळा उघडले गेले आणि सरासरी कितव्या जागी होते, हे तिथे कळते. तिथला ‘दिवस’ मात्र कॅलिफोर्नियाच्या घड्याळाचा. उन्हाळी वेळेत तो भारतात दुपारी साडेबाराला उजाडतो, हिवाळ्यात दीडला. सकाळी अकराला वाचलेला लेख आणि त्याच दिवशी रात्री वाचलेला लेख वेगवेगळ्या तारखांना लागतात.

स्थानाच्या रकान्यावर गोव्यातल्या लेखकाने विसंबू नये, असे ठामपणे सांगितले पाहिजे. शहर आयपी पत्त्यावरून अंदाजाने ठरते. दूरसंचार परवान्यांत गोवा महाराष्ट्राच्या मंडळात मोडतो आणि मोबाइल जोडण्यांची वाहतूक दूरच्या केंद्रांतून बाहेर पडते. त्यामुळे सत्तरीतला किंवा पेडण्यातला वाचक बऱ्याचदा मुंबई किंवा पुण्याच्या खात्यात जमा होतो. ‘आपल्याला गोव्यात कोणी वाचतच नाही’ असा निष्कर्ष या रकान्यावरून काढून गोमंतकीय विषय सोडून देणे म्हणजे आपल्याच वाचकाला दार लावणे. खरा पुरावा शब्दांत असतो. ‘कुळागर’, ‘मुंडकार’ (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा), ‘खाजन’ असे शब्द टाकून आलेला माणूस यंत्राने कुठलाही दाखवला, तरी त्याची नाळ बहुधा गोव्याशी असते. सिंधुदुर्गातला शेतकरी कुळागराला वाडी किंवा बागायत म्हणेल.

लहान आकड्यांत टक्केवारी फसवते. समजा, एका आठवड्यात ४० वाचक आले आणि पुढच्यात ६०. अहवाल ५० टक्के वाढ दाखवील. घडलेले एवढेच असेल की फोंड्यातल्या बागायतदारांच्या एखाद्या व्हॉट्सॲप गटात दुवा गेला. तिथून आलेल्या वाचकामागे बहुधा मागचा पत्ता नसतो, म्हणून तो ‘थेट’ या रकान्यात पडतो. तुलना करतानाही तारखेला तारीख लावून भागत नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत गावोगावी माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधायची, पाहुण्यांची ऊठबस करायची. पंपाच्या दाबाविषयी तेव्हा कोण वाचणार? चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तिथीला तिथी लावली नाही तर घसरण नसलेल्या ठिकाणी घसरण दिसते. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचा तपशील ठेवतो, तेव्हा दोनाहून अधिक चवथींची तुलना करायची असेल तर तक्ते वेळच्या वेळी उतरवून ठेवावे लागतात.

अगदी थोड्यांनी वापरलेले शोधशब्द सर्च कन्सोल खासगीपणासाठी दाखवत नाही. तत्त्व योग्य आहे, पण त्याचा भार नेमका अशा स्थळांवर पडतो, कारण त्यांचे बहुतेक शब्द थोड्यांचेच असतात. एकूण भेटींतून यादीतल्या भेटी वजा केल्या की झाकलेला भाग किती ते कळते, शब्द कळत नाहीत. ते मिळवण्याचा एक मार्ग उरतो: स्थळावरच शोधपेटी ठेवावी आणि तिच्यात टाकलेले शब्द, माणसाची ओळख न जोडता, आपल्या सर्व्हरवर उतरवून घ्यावेत. तिथे ‘मानस’ असा शोध आला आणि उत्तरात एकही पान निघाले नाही, तर लेखात ‘झडप’ असे लिहिले होते हे लक्षात येते, आणि शब्द दुरुस्त करता येतो.