हर्पिस रक्तचाचणी : अहवाल आणि दांपत्य

हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत का, हे पाहणारी चाचणी. तिच्यात विषाणू सापडत नाही. शरीराची त्याच्याशी कधीतरी गाठ पडली होती, एवढेच कळते. कधी, कोणाकडून, अंगाच्या कोणत्या भागाला, हे अहवालात नसते. नवरा-बायकोचे भांडण मात्र नेमके त्याच प्रश्नांवरून होते.

कोल्हापुरात हा शब्द घरात शिरतो तो अनेकदा 'टॉर्च' तपासणीतून. दिवस राहिल्यावर किंवा गर्भपात झाल्यावर टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पिस अशी एकत्र तपासणी लिहून दिली जाते. राजारामपुरीतल्या लॅबची पीडीएफ नवऱ्याच्या मोबाइलवर येते, 'पॉझिटिव्ह' ठळक अक्षरात. सासूबाईंना हर्पिस म्हणजे नागीण वाटते आणि त्या काव उगाळायला घेतात. नागीण खरे तर कांजिण्यांच्या विषाणूची. हा विषाणू वेगळा. नवऱ्याने तोवर इंटरनेटवर 'लैंगिक आजार' एवढेच वाचलेले असते, आणि बायको पुढचे दोन दिवस माहेरी जायची भाषा करते.

या विषाणूचे दोन प्रकार आहेत. पहिला मुख्यतः ओठांवर फोड आणणारा, बहुधा लहानपणीच लागणारा. मावशीने घेतलेला एक मुकाही त्याला पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ५० वर्षांखालील सुमारे ६४ टक्के लोकांना तो आहे. दुसरा मुख्यतः शरीरसंबंधांतून पसरतो. १५ ते ४९ वयोगटात त्याचे प्रमाण सुमारे १३ टक्के. बऱ्याच जणांना आयुष्यात एकही फोड दिसत नाही. काही लॅब दोन्ही प्रकार मिळून एकच आकडा देतात. त्या आकड्यावरून जोडीदाराला जाब विचारणे म्हणजे सातबारा न पाहता बांध कोरण्यासारखे आहे.

अहवालातल्या आयजीएमला, म्हणजे संसर्गानंतर आधी दिसणाऱ्या प्रतिपिंडांना, फारशी किंमत देऊ नये. ते विषाणूचा प्रकार नीट ओळखत नाही, जुना संसर्ग पुन्हा उसळला तरी दिसू शकते, म्हणून 'आयजीएम पॉझिटिव्ह, म्हणजे नुकतेच लागले' हा अर्थ चुकीचा. प्रकार वेगळा करणारी आयजीजी, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडांची चाचणी, उपयोगाची, पण तिथेही आकडा वाचावा लागतो. अनेक चाचणी-संचांत ०.९ खाली निगेटिव्ह, १.१ वर पॉझिटिव्ह, मधले संदिग्ध. दुसऱ्या प्रकारात ३ पेक्षा कमी आलेले पॉझिटिव्ह अनेकदा खोटे निघते आणि वेगळ्या पद्धतीच्या चाचणीने ताडून पाहावे लागते. संसर्गानंतर प्रतिपिंडे यायला काही आठवडे लागतात. अगदी ताजा संशय असेल तर १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यावे.

एकाचा अहवाल पॉझिटिव्ह, दुसऱ्याचा निगेटिव्ह, हेही नेहमीचेच. लग्नाला दहा वर्षे झाली तरी असे असू शकते, आणि त्यावरून बेइमानी सिद्ध होत नाही. विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत मुक्काम ठोकून राहतो, तो कायमचा जात नाही. फोड असताना संबंध टाळणे, एरवी कंडोम, आणि डॉक्टरांनी दिल्यास रोजची गोळी, एवढ्याने जोडीदाराचा धोका कमी होतो. व्हॅलासायक्लोविर ५०० मिग्रॅ रोज घेतल्याने दुसऱ्या प्रकाराचा प्रसार जवळपास निम्म्याने घटल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

गर्भवतीच्या बाबतीत घबराट बहुधा उलट दिशेने होते. जुनी आयजीजी असलेल्या आईच्या बाळाला संसर्ग होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. बाळंतपणाच्या तोंडावर पहिल्यांदाच लागण झाली तर मात्र ३० ते ५० टक्के. त्यामुळे नवऱ्याला हर्पिस असून पत्नी निगेटिव्ह असेल, तर शेवटच्या तीन महिन्यांतली काळजी तिथे जास्त हवी.

लक्षणे नसलेल्या माणसाची उगीच चाचणी करू नये, असे अमेरिकी मार्गदर्शक सूचना सांगतात. फोड असेल तर रक्तापेक्षा फोडातल्या द्रवाची पीसीआर, म्हणजे विषाणूचाच जनुकीय अंश शोधणारी चाचणी, खात्रीची, आणि ती फोड ताजा असतानाच. त्यासाठी त्वचा व गुप्तरोग विभागात जावे. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, हे मोठे शासकीय रुग्णालय आहे. लैंगिक आजारांसाठीच्या सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये हर्पिसच्या जखमांसाठी औषधांचे लाल रंगाचे किट असते : ॲसायक्लोविर ४०० मिग्रॅ, दिवसातून तीनदा, सात दिवस.