आरओव्ही चालक

आरओव्ही चालक : जहाजावरून किंवा समुद्रातील तेलमंचावरून, केबलच्या आधारे, पाण्याखालचे मानवरहित यान चालवणारा तंत्रज्ञ. ‘आरओव्ही’ हे ‘रिमोटली ऑपरेटेड व्हेईकल’ या नावाचे आद्याक्षररूप. मराठीत ‘दूरनियंत्रित जलांतर्गत यान’ असे म्हणता येते. यान ‘फ्लाय करणे’ हा या व्यवसायातला रोजचा शब्दप्रयोग असून चालकाला सरसकट ‘पायलट’ म्हणतात. त्याचे पूर्ण पदनाम मात्र बहुधा ‘पायलट-टेक्निशियन’ असे असते. या जोडनावातील दुसरा शब्द कमी महत्त्वाचा मानणे चूक ठरेल. भर समुद्रात यान बंद पडले, तर ते उघडून दुरुस्त करणारा माणूस तोच असतो.

हे काम केबलभोवती फिरते. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी फार थोड्या अंतरात विरून जातात. ध्वनिलहरी दूरवर पोचतात, पण त्यांचा पाण्यातला वेग सेकंदाला सुमारे १,५०० मी. आहे. म्हणजे ३,००० मी. खोलीवरच्या यानाला ध्वनीने आज्ञा देऊन उत्तर मिळेपर्यंत किमान ४ सेकंद जातील, आणि सलग, स्वच्छ चित्र तर त्या मार्गाने येणारच नाही. म्हणून वीज, आज्ञा आणि चित्र हे सर्व केबलमधूनच जाते-येते. ती तुटली की चालकाच्या हाती काही उरत नाही.

उगमाचा प्रश्न : पहिले दूरनियंत्रित जलांतर्गत यान कोणते, यावर एकमत नाही. काही लेखक हा इतिहास १८६० च्या दशकापर्यंत मागे नेतात. त्या काळात ऑस्ट्रियाच्या नौदलातील अधिकारी जोव्हान्नी लुपीस यांनी किनाऱ्याच्या रक्षणासाठी एक तरंगते अस्त्र योजले होते. ते जमिनीवरून दोरांनी वळवायचे होते. त्याच कल्पनेवरून इंग्रज अभियंता रॉबर्ट व्हाइटहेड यांनी १८६६ च्या सुमारास स्वयंचलित टॉर्पेडो तयार केला. ही परंपरा ओढूनताणून जोडलेली वाटते. लुपीस यांच्या अस्त्राला माणसाच्या हातातला दोर होता, पण ते पाण्याच्या पृष्ठभागावर चालणारे होते. व्हाइटहेड यांचा टॉर्पेडो पाण्याखालून जाई, पण एकदा सोडल्यावर त्यावर कोणाचा हात राहत नसे. आणि दोन्हींतून दिसत काहीच नव्हते.

अधिक प्रचलित मत असे की, फ्रान्समध्ये काम करणारे अभियंते व जलांतर्गत छायाचित्रकार दिमित्री रेबिकॉफ यांनी १९५३ मध्ये बनवलेले ‘पूडल’ हे पहिले केबलबद्ध यान होय. त्याचा उपयोग मुख्यतः पुरातत्त्वीय शोधासाठी झाला. यंत्राची तांत्रिक वंशावळ मांडायची असेल, तर पूडलचा मान नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यातून चालकांचा असा वर्ग उभा राहिला नाही. त्याच दशकात ब्रिटिश नौदलाने सरावातले टॉर्पेडो व सुरुंग समुद्रतळावरून परत आणण्यासाठी ‘कटलेट’ नावाचे यान वापरले. यान पाठवून वस्तू उचलून आणणे हे काम येथे प्रथम ठळकपणे दिसते.

१९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी नौदलाने याच गरजेतून ‘कर्व्ह’ (केबलने नियंत्रित होणारे पुनर्प्राप्ती-यान) विकसित केले. प्रस्तुत नोंदीत व्यवसायाचा प्रारंभ कर्व्हपासून मानला आहे. केबल, जिवंत चित्र, पकडणारा पंजा आणि त्या क्षणी निर्णय घेणारा माणूस या चारही गोष्टी त्यात एकत्र आल्या. १७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर बी-५२ बाँबफेकी विमान आणि इंधन भरणारे विमान यांची टक्कर झाली, आणि चार हायड्रोजन बाँबपैकी एक भूमध्य समुद्रात पडला. ‘अ‍ॅल्विन’ या पाणबुडीने तो शोधला. उचलण्याचे काम मात्र कर्व्हकडे आले. सुमारे ८७० मी. खोलीवर बाँबच्या हवाई छत्रीला दोर अडकवत असताना यान स्वतःच त्या कापडात गुरफटले. ७ एप्रिल रोजी बाँब, छत्री आणि यान अशी एकत्रच वर ओढण्यात आली. यश मिळाले, पण गुरफटण्याचा जो धोका या प्रसंगात दिसला, तोच आजही चालकाच्या मनावरचा सर्वांत मोठा भार आहे.

१९७३ मध्ये ‘पायसीस ३’ ही दोन माणसांची पाणबुडी आयर्लंडजवळ सुमारे ४८० मी. खोलीवर अडकली. तिला वर ओढण्यासाठी दोर अडकवण्याच्या कामात ‘कर्व्ह ३’ चा वाटा होता. आतले दोघेही १ सप्टेंबर रोजी जिवंत बाहेर आले. यानंतर हे तंत्र नौदलाबाहेर पसरले ते प्रामुख्याने उत्तर समुद्रातील तेलामुळे. पाण्यात उतरून काम करणाऱ्या माणसांचे (डायव्हर) व्यावसायिक काम व्यवहारात सुमारे ३०० मी. खोलीपर्यंत थांबते, आणि तेलविहिरी त्याहून खोल जाऊ लागल्या होत्या.

यान आणि चालकाचा हात : कामाच्या यानाचा वरचा भाग फेसासारख्या पण अत्यंत कठीण अशा ठोकळ्याचा असतो. राळेत काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळून तो बनवतात. दर १० मी. खोलीला सुमारे एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे ३,००० मी.वर सुमारे ३०० वातावरणे. साधा फेस तेथे चिरडून जाईल. या ठोकळ्यामुळे यान पाण्यात किंचित तरंगते राहते. हे मुद्दाम केलेले असते. वीज गेली तर यान हळूहळू वर येते, हा एक फायदा. दुसरा फायदा चालकाला रोज जाणवतो. तळाजवळ यान खाली दाबून धरायचे, तर उभे पंखे (थ्रस्टर) पाणी वरच्या दिशेने फेकतात आणि तळाचा गाळ जागचा हलत नाही. यान जड असते, तर पाणी खाली फेकावे लागले असते. मग गाळ उठून पडद्यावर तपकिरी धुके पसरते आणि ते निवळेपर्यंत हात बांधून बसावे लागते.

यान पाण्यात सोडताना बहुधा ते एका पिंजऱ्यात असते. जहाजापासून पिंजऱ्यापर्यंत पोलादी तारांचे कवच असलेली जाड केबल (अंबिलिकल) जाते, आणि पिंजऱ्यातून पुढे बारीक, लवचीक टेदर घेऊन यान बाहेर पडते. लाटांमुळे जहाज खालीवर होते. तो हेलकावा पिंजरा सोसतो, यानापर्यंत फारसा पोचत नाही. यानाने एका दिशेने पूर्ण वळण घेतले की टेदरला एक पीळ पडतो. नियंत्रण-कक्षातील पडद्याच्या कोपऱ्यात या वेढ्यांची संख्या सतत दिसत असते, आणि परतण्यापूर्वी चालक उलटी वळणे घेऊन ती शून्यावर आणतो. एखाद्या खांबाला उजवीकडून वळसा घातला असेल, तर परत येतानाही त्याच वाटेने यावे लागते. नवख्याला शिकवताना हा नियम पुनःपुन्हा सांगितला जातो. पुढे काय आहे हे कॅमेरा दाखवतो, पण मागे टेदर कशावर टेकला आहे हे डोक्यातच धरून ठेवावे लागते.

हाताळणीचे काम दोन यांत्रिक हातांनी होते. सर्वसाधारणपणे डावा हात पाच हालचालींचा व दणकट असतो. त्याने एखादा दांडा पकडून यान स्थिर करतात. उजवा हात सात हालचालींचा व नाजूक कामाचा असतो. चालकापुढे त्या हाताची वीतभर लांबीची प्रतिकृती असते. तिचे मनगट वळवले की खाली यानाचे मनगट वळते. विहिरीच्या झडपांना द्रवदाब देण्यासाठी ‘हॉट स्टॅब’ नावाची नळीसारखी दांडी तिच्या खोबणीत बसवायची असते. सपाट पडद्यावर अंतराचा अंदाज येत नाही. अशा वेळी अनुभवी चालक दांडीच्या टोकाकडे नव्हे, तर तिच्या सावलीकडे पाहतो. दिव्याच्या उजेडात टोक आणि सावली एकमेकांकडे सरकत येतात, आणि ती जेथे मिळतात तेथे स्पर्श होतो. दिवे कॅमेऱ्यापासून बाजूला लावतात, नाहीतर पाण्यात तरंगणारे कण उजळून समोर हिमवर्षाव झाल्यासारखे दिसते.

जून १९८५ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर अटलांटिकमध्ये कोसळलेल्या एअर इंडियाच्या ‘कनिष्क’ विमानाचे ध्वनी व उड्डाण-माहिती साठवणारे दोन्ही नोंदक (‘ब्लॅक बॉक्स’) पुढच्याच महिन्यात सुमारे २,००० मी. खोलीवरून काढण्यात आले, ते ‘स्कॅरब’ या यानाने. ते यान मुळात समुद्री दूरसंचार केबलींच्या दुरुस्तीसाठी होते. या दुर्घटनेत ३२९ जणांचा मृत्यू झाला होता, आणि तपासासाठी त्या नोंदकांचे मोल फार मोठे होते. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ मंचावर स्फोट झाल्यानंतर सुमारे १,५०० मी. खोलीवरच्या फुटलेल्या विहिरीपाशी एकाच वेळी अनेक याने कामाला होती. आरंभी हॉट स्टॅबने झडपा बंद करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. १५ जुलै रोजी नवे झाकण बसवून प्रवाह थांबला. तेथे एकमेकांचे टेदर टाळत उभे राहणे हेच मोठे कौशल्य होते.

सर्वाधिक खोलीचा मान जपानच्या ‘काइको’ या यानाकडे जातो. मार्च १९९५ मध्ये ते पॅसिफिक महासागरातील चॅलेंजर डीप या सर्वांत खोल जागी सुमारे १०,९११ मी.पर्यंत पोचले. मे २००३ मध्ये शिकोकू बेटाजवळ त्याची दुय्यम केबल तुटली आणि यान गमावले. पिंजरा तेवढा परत आला.

प्रशिक्षण व पदे : इलेक्ट्रॉनिक्स, द्रवचालिकी (हायड्रॉलिक्स) किंवा यांत्रिकी यांपैकी एकाची पार्श्वभूमी सहसा अपेक्षित असते. त्याखेरीज समुद्रावरील सुरक्षेचे प्रशिक्षण आणि वैद्यकीय पात्रता लागते. १९९५ मध्ये स्थापन झालेली, इम्का या नावाने ओळखली जाणारी सागरी कंत्राटदारांची संघटना क्षमतेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. द्वितीय व प्रथम श्रेणीचा पायलट-टेक्निशियन, वरिष्ठ पायलट, सुपरवायझर अशी चढती पदे त्यानुसार आढळतात. चालवल्याचे तास व केलेली कामे नोंदवही (लॉगबुक) मध्ये लिहून सही घेतात. पाळी १२ तासांची असते. पाळीत बहुधा तिघे असतात आणि ते चालवणे, हात हाताळणे व नोंदी ठेवणे आळीपाळीने करतात.

अलीकडे किनाऱ्यावरच्या कक्षातून यान चालवण्याची पद्धत रूढ होत आहे. भूस्थिर उपग्रहामार्गे आज्ञा जाऊन उत्तर येण्यास निम्म्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे बारीक हालचाली यानातील संगणकावर सोपवाव्या लागतात. दिशा व खोली धरून ठेवणे तर तो पूर्वीपासूनच करतो. पण यान उचलून पाण्यात सोडणे, केबलच्या तारा तपासणे, गळणारा सांधा उघडून कडी (ओ-रिंग) बदलणे ही कामे डेकवर उभ्या असलेल्या दोघातिघांकडेच राहिली आहेत.