शुगर नॉर्मल आहे, पण पोटाचा घेर किती?

सप्रेम नमस्कार,

रिपोर्ट हातात पडला की बहुतेक मंडळी आधी उपाशीपोटीची साखर बघतात. ती ९६ दिसली की कागदाची घडी होऊन थेट पिशवीत. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या छोट्या लॅबच्या काउंटरवर हे रोजचंच. म्हणून हे पत्रक. साखरेचा आकडा ठीक असतानाही शरीर इन्सुलिनला (रक्तातली साखर ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला) दाद देईनासं झालेलं असू शकतं आणि त्याची झळ मधुमेह होण्याआधीच हृदयाला लागू शकते.

होतं असं: स्नायू आणि यकृत इन्सुलिनला जुमानेनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. साखर ताब्यात राहते. हे वर्षानुवर्षं चालतं. पण त्याच काळात यकृत रक्तात जादा चरबी सोडत असतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतात, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते एचडीएल उतरतं, वाईट म्हणतात त्या एलडीएलचे कण बारीक नि घट्ट होतात. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, रक्तदाब वाढतो. या सगळ्याचा मार शेवटी रक्तवाहिन्यांना बसतो.

"पण मी तर बारीक आहे!" हे आपल्याकडे फार ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नेमकं हेच दाखवलं, की भारतीय माणूस वजनाला हलका दिसला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते, विशेषतः पोटात. तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेप बरी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० ही आपली मर्यादा. पँटचा नंबर धरू नका. पट्टा पोटाखाली सरकलेला असतो.

आता घडी उघडा. ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० च्या खाली, उपाशीपोटीची साखर १०० ते १२५, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ५.७ ते ६.४, यातलं काही असेल तर रिपोर्ट डॉक्टरांना दाखवाच. मानेवर घासूनही न जाणारा काळसर, मखमली पट्टा असेल तर तोही दाखवा.

फास्टिंग इन्सुलिनची तपासणी आमच्याकडे होते, पण डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय करू नका. वरचे स्वस्त आकडे बहुतेकांना पुरतात. (धंद्याच्या दृष्टीने हे लिहायला नको होतं!)

चालण्याने स्नायू साखर उचलतात, अगदी त्याच दिवसापासून. जेवणानंतर तलावपाळीला फेरी मारा, पण तिथे भेळ नको.

तपासणीला १० ते १२ तास उपाशी या. पाणी चालेल, "फक्त अर्धा कप चहा" चालणार नाही. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा मद्य झालं असेल तर ट्रायग्लिसराइड फुगलेले येतात. दोन-तीन दिवस थांबून या आणि येताना जुने रिपोर्टही आणा.